कुणाला कळण्याआधीचे आठवडे



दिवस गेलेल्या बाईला आपल्याकडे अजूनही ग्रहण पाळायला लावतात. ग्रहण सुटेपर्यंत तिनं विळीला हात लावायचा नाही, काही चिरायचं नाही. पुढे मूल फाटलेल्या ओठाचं जन्मलं, की घरात कुजबुज सुरू होते: हिनं त्या दिवशी काहीतरी चिरलं असणार. ग्रहणाचा आणि बाळाच्या ओठाचा काहीही संबंध नाही. तरी तो आळ ती बाई जन्मभर वागवते. आज मी बोलणार आहे ते हवेतल्या धुराबद्दल आणि बाळाच्या जन्मजात व्यंगांबद्दल. पण या नव्या माहितीतूनही पुन्हा आईलाच दोष दिला जाईल, अशी मला भीती वाटते, म्हणून हे आधी सांगितलं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मधोमध सॅन वाकीन नावाचं मोठं खोरं आहे. पूर्वेला सिएरा नेवाडा पर्वत, पश्चिमेला किनाऱ्यालगतच्या डोंगररांगा आणि मध्ये बदाम, द्राक्षं, कापूस, गाईंचे प्रचंड गोठे, ट्रकांनी वाहणारे महामार्ग. फ्रेस्नो आणि बेकर्सफील्ड ही शहरं इथलीच. हिवाळ्यात थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि गाड्यांचा धूर डोंगरांमध्ये कोंडून राहतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ ते २००६ या काळातल्या इथल्या मातांची माहिती तपासली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या गर्भात काही ठरावीक व्यंगं आढळली अशा ८०६ स्त्रिया आणि निरोगी बाळं झालेल्या ८४९. प्रत्येकीचा गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांतला पत्ता घेतला आणि त्या भागातली हवा तेव्हा कशी होती, हे मोजणी केंद्रांच्या नोंदींवरून काढलं. सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्या बाळांत मज्जानलिकेच्या दोषांचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. फाटलेल्या ओठाच्या बाबतीत मात्र असा वाढीव धोका दिसला नाही.

ही मज्जानलिका म्हणजे काय? गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला एक पन्हळ असते. तिच्या कडा वळून एकमेकींना मिळतात, नळी तयार होते आणि त्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. ती खालच्या बाजूला उघडी राहिली, तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो. अशा कित्येक मुलांच्या पायांत बळ नसतं, लघवीवर ताबा नसतो. वरच्या बाजूला उघडी राहिली, तर कवटी आणि मेंदूचा बराच भाग घडतच नाही. असं बाळ जगत नाही.

गर्भधारणा झाल्यापासून २८ दिवसांत ही नळी मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तोवर शंकाही आलेली नसते. आरोग्य केंद्रात १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, असं आपण सांगतो. ते बरोबरच आहे, पण तोवर ही नळी मिटून कितीतरी दिवस उलटलेले असतात. ‘आता जपून राहा’ हा सल्ला या एका बाबतीत नेहमीच उशिरा पोचतो.

दुप्पट या शब्दानं घाबरू नका. हे दोष मुळात हजार जन्मांमागे एखाद-दुसऱ्या बाळात दिसणारे आहेत. शिवाय संबंध दिसला, म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही. पण धूर पोटातल्या बाळापर्यंत पोचतच नाही, असंही आता म्हणता येत नाही. बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ साली वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. चीनच्या शान्शी प्रांतात घरोघरी कोळसा जळायचा आणि मज्जानलिकेचे दोषही फार होते. तिथं अशा बाळांच्या वारेत, जळणातून निघणारी काही घातक रसायनं जास्त आढळली.

कॅलिफोर्नियातली मोजणी बाहेरच्या हवेची होती, आपल्या चुलीची नव्हे. पण कार्बन मोनॉक्साइड अर्धवट जळणातून निघतो, मग ते ट्रकमधलं असो, चुलीतलं असो, पाण्याच्या बंबातलं असो की नाक्यावर पेटवलेल्या कचऱ्यातलं. घरात सिलिंडर असूनही तो पुरवून वापरायचा म्हणून बंबात लाकडं जातात, आणि बंब पेटवते बहुतेक घरची सून. ती धूर टाळणार कशी? सिलिंडर पुन्हा कधी भरायचा, हे ती ठरवत नाही. कचरा पेटवू न देणं नगरपालिकेच्या हातात आहे, बस-ट्रकचा धूर सरकारच्या. म्हणून माझं सांगणं नवऱ्याला, सासूला, सरपंचांना आहे. लग्न झालेली मुलगी ज्या घरात आहे, तिथला बंब आजच बाहेर, उघड्यावर काढा. गोड बातमीची वाट पाहू नका.

मज्जानलिकेचे दोष टाळण्याचा एक उपाय मात्र पक्का सिद्ध झालेला आहे. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुढच्या खेपेला या दोषाचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १९९१ साली ७ देशांतल्या ३३ केंद्रांवरच्या चाचणीतून दाखवलं. मूल हवं असं ठरलं की त्याच महिन्यापासून ही गोळी सुरू करावी. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. आधी असं बाळ झालं असेल, तर मात्रा बरीच मोठी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची, आणि त्यांच्याकडे दोघांनी मिळून जायचं.