तोच सोमवार, वेगळा सिनेमा

२०१७ साली 'हॅपी डेथ डे' थिएटरात लागला, तेव्हा पहिल्या काही क्षणांतच प्रोजेक्टर बिघडल्यासारखे वाटायचे. युनिव्हर्सल कंपनीचा तो ओळखीचा पृथ्वीगोल पडद्यावर फिरू लागतो, मध्येच अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन वर्षांनी 'हॅपी डेथ डे टू यू' आला. त्यात पडदाच विभागला जातो आणि एकाचे अनेक गोल होतात. पहिल्या भागात दिवस अडकला होता, आता जगेच एकाहून अधिक झाली आहेत, हे दिग्दर्शक क्रिस्टोफर लँडन यांनी गोष्ट सुरू होण्याआधीच सांगून टाकले होते.

पहिल्या भागाची गोष्ट सरळ होती. ट्री गेल्बमन ही उर्मट, कोणाची पर्वा न करणारी कॉलेजकन्या. सोमवारी १८ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या वाढदिवशीच, ती कार्टर नावाच्या मुलाच्या होस्टेलच्या खोलीत जागी होते. त्या रात्री बाळाचा मुखवटा घातलेला कोणीतरी तिचा खून करतो. डोळे उघडतात ते त्याच खोलीत, त्याच सकाळी. आपला मारेकरी शोधायचा तर रोज मरायचे, असा हा मामला. ४८ लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात साडेबारा कोटींच्या आसपास कमावले. एवढ्या कमाईनंतर निर्माते ब्लमहाउस पुढचा भाग काढणार, हे उघडच होते.

अडचण अशी, की टाइम लूपचा चित्रपट हा मुळातच स्वतःचा सीक्वेल असतो. भयपटाच्या पुढच्या भागात एरवी बळी नवे येतात, सुरा जुनाच असतो. आपल्याकडे महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३चा, त्याचा दुसरा भाग २०१३चा. मधल्या वीस वर्षांत थ्री-डी आले, पण तात्या विंचूचा धंदा बदलला नाही आणि प्रेक्षकांनाही तो बदललेला नको होता. लँडन यांना ही सोय नव्हती. एकच सकाळ पुन्हा पुन्हा पाहून झालेल्या प्रेक्षकाला तीच सकाळ परत दाखवून घाबरवणार कसे?

त्यांनी पहिल्याच चित्रपटातल्या एका दरवाज्याकडे पाहिले. तिथे रोज सकाळी कार्टरचा रूममेट रायन धाडकन आत यायचा, काहीतरी वाह्यात बोलायचा आणि कामापुरता उरायचा. दुसरा भाग या रायनपासून सुरू होतो. तो रात्री कुठे होता, खोलीपर्यंत कसा आला, हे आधी दिसते आणि मग तो नेहमीचा दरवाजा उघडतो. 'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या भागात नायक पहिल्या भागातल्याच प्रसंगांत मागच्या बाजूने शिरतो. तो चित्रपट आपल्यासमोर होता, हे लँडन यांनी मुलाखतींत सांगितलेले आहे.

रायन आणि त्याचे मित्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक क्वांटम यंत्र बनवत असतात. लाडाचे नाव 'सिसी', पूर्ण नाव सिसिफसवरून. डोंगरावर शिळा ढकलत न्यायची, ती खाली आली की पुन्हा ढकलायची, अशी शिक्षा झालेला हा ग्रीक पुराणातला राजा. ट्रीचा सोमवार अडकला तो याच यंत्रामुळे. आणि इथेच भयपटाची हवा गेली, हे मान्य करायला हवे. १९९३च्या 'ग्राउंडहॉग डे'मध्ये बिल मरेचा दिवस का अडकतो, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही. लिहिताना मध्ये एकदा शापाचे कारण घातले होते, ते पुढे काढून टाकले, बरेच झाले. कारण कळले की भीतीचा निम्मा जोर जातो. लँडन यांनी ती भीती सोडून दिली आणि त्या जागी धमाल आणली.

ही धमाल अफलातून आहे. यंत्राच्या धक्क्याने ट्री दुसऱ्याच जगातल्या त्याच सोमवारी जाऊन पडते. परत यायचे तर योग्य समीकरण सापडले पाहिजे. पण दिवस उलटला की त्या हुशार पोरांच्या डोक्यातले सगळे पुसले जाते. आठवते फक्त ट्रीला, आणि तिला विज्ञानाचा गंध नाही. मग ती रोज चुकलेली समीकरणे पाठ करते, रात्री स्वतःच मरते आणि सकाळी ती घडाघडा म्हणून दाखवते. ती पॅराशूटशिवाय विमानातून उडी मारते, लाकडाचा भुसा करणाऱ्या यंत्रात स्वतःला झोकून देते. जेसिका रॉथचा सकाळी उठल्यावरचा संताप पाहिला, की नायिका म्हणून तिचीच निवड का झाली ते कळते.

मात्र रंग पालटण्याचे खरे सार्थक यंत्रात नाही. या दुसऱ्या जगात ट्रीची मेलेली आई जिवंत आहे. मायलेकींचा वाढदिवस एकच, म्हणून आईच्या मृत्यूपासून ट्रीला तो दिवस नकोसा झालेला. आता समोर बसून आई हसते आहे; पण इथे कार्टर दुसऱ्याच मुलीचा आहे आणि आईच्या मनातल्या आठवणी दुसऱ्या ट्रीच्या आहेत. राहायचे की परतायचे, हा पेच आल्यावर चित्रपट घरगुती मेलोड्रामा होतो, आणि तोही लाज न बाळगता. निरोपाचा प्रसंग पाहताना मागे कुठेतरी मुखवट्यातला खुनी फिरतो आहे, याचाच विसर पडतो. दिग्दर्शकालाही बहुधा पडला असावा. इस्पितळातले पाठलाग कर्तव्य म्हणून उरकल्यासारखे वाटतात.

चित्रपट अमेरिकेत १३ फेब्रुवारी २०१९ला लागला. ठरले होते १४ तारखेला, पण पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबाराला त्या दिवशी वर्ष होत होते, म्हणून तो एक दिवस आधी आणला. खर्च ९० लाख डॉलर, कमाई साडेसहा कोटींच्या आत, म्हणजे पहिल्याच्या जवळपास निम्मी. तोट्याचा सौदा नव्हे. पण मुखवटा पाहून तिकीट काढणाऱ्याला आत समीकरणे आणि आईची माया मिळाली, तर सगळेच खूश होत नाहीत.

लँडन यांचा पुढचा चित्रपट २०२०चा 'फ्रीकी'. त्यात कॉलेजऐवजी शाळा आहे आणि खुनी व विद्यार्थिनी यांच्या शरीरांची अदलाबदल होते. या वेळी खून आणि विनोद दोन्ही पहिल्या रिळापासून सोबत आहेत, आणि ट्रेलरमध्येही ते तसेच दाखवले गेले.