दुखत नाही, तेव्हाच दाखवा
(केम येथील मेळाव्यात केलेले भाषण)



वस्तीवर चाळिशी-पन्नाशीतले पारधी बांधव मला म्हणतात, "तोंडात चट्टा आहे, पण दुखत नाही. मग मजुरी बुडवून दाखवायचं कशाला?" तंबाखूचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, या त्याच्या खुणा. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंड तपासतात. बॅटरीच्या उजेडात काही मिनिटांचं काम. पुढच्या उपचारासाठी आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. उशीर झाला, तर जबडा काढण्याची वेळ येते आणि घरची चूल विझते. मंडळीतल्या प्रत्येकाने एका बांधवाला सोबत न्यावं; तंबाखू खात असाल, तर आधी स्वतःचं तोंड दाखवावं.