संशोधनापुरते मानवी प्रथिन

1962 साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यापासून कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील मुलामुलींना उच्च विज्ञानशिक्षण घराजवळ मिळू लागले. त्यांतील जे जीवरसायनशास्त्राकडे वळतात, त्यांच्या हाती कधी ना कधी अशी एक इवलीशी कुपी येते, जिच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढी पांढरी पूड असते आणि जिच्यावर 'केवळ संशोधनासाठी' असा शेरा असतो. ती पूड मानवी प्रथिनाची असली, तरी मनुष्यदेहातून काढलेली नसते. मानवी जनुकाची प्रत जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून त्या सूक्ष्मजीवाकडून ती घडवून घेतलेली असते. याच युक्तीने 1978 साली कॅलिफोर्नियात मानवी इन्शुलिन निर्माण झाले, 1982 साली अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि ज्या मधुमेही रुग्णांची मदार तोवर गुराडुकरांच्या स्वादुपिंडांवर होती, त्यांना नवा आधार लाभला. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने 2003 साली आपले मानवी इन्शुलिन बाजारात आणले.

रेणू तोच असला, तरी औषधाच्या कुपीमागे ज्या तपासण्यांचा दाखला उभा असतो, तो संशोधनाच्या कुपीमागे नसतो, आणि म्हणूनच त्या शेऱ्याचे पालन काटेकोरपणे झाले पाहिजे. शुद्धीकरण सुकर व्हावे म्हणून प्रथिनाला जोडलेली हिस्टिडीन या अमिनो आम्लाची शेपटी पुष्कळदा तशीच राहिलेली असते; शिवाय जिवाणू प्रथिनावर मानवी पेशींसारख्या शर्करा चढवीत नाही, म्हणून एरिथ्रोपोएटिनसारखे औषध हॅमस्टरच्या पेशींत बनवावे लागते.

परंतु सर्वांत मोठी फसगत एंडोटॉक्सिनमुळे होते. ई. कोलाय या जिवाणूच्या बाह्य आवरणातील हे द्रव्य प्रथिनाबरोबर लेशमात्र आले, तरी रोगप्रतिकारक पेशी खवळतात, आणि संशोधक तो गुण प्रथिनाच्या खाती जमा करतो. महिनोन्महिने खपून लिहिलेला प्रबंधच त्यामुळे निराधार ठरू शकतो. यावर एक साधी तजवीज आहे, आणि ती आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिकात असावी, असे मला कळकळीने वाटते. नमुन्याचा एक भाग उकळावा. उकळल्याने बहुतेक प्रथिने मोडतात, एंडोटॉक्सिन मात्र तग धरते. उकळलेल्या भागानेही पेशी तितक्याच खवळल्या, तर निष्कर्ष लिहिण्यापूर्वी ती कुपी बाजूला ठेवावी आणि एंडोटॉक्सिनची मोजणी करून घ्यावी.