कवडसा आणि छायाचित्र



छायाचित्रकलेचे संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांत मांडलेले जुने कॅमेरे डोळ्यांपुढे येतात. अशा कपाटांपुढून आम्ही पुष्कळदा गेलो आहो. दहा कपाटे झाली की अकरावे लक्षात राहत नाही. मृदंग नुसता पाहून ताल कळत नाही, तसेच हे. मग तेथे बटणे बसवतात. बटण दाबले की दिवा लागतो, आणि मुले दिव्याकडे न पाहता पुढच्या बटणाकडे धावतात! हाताला काम हवे खरे. पण त्या कामातून डोळ्याला काही मिळाले पाहिजे.

आमच्या मते आरंभ आपल्या घरातूनच करावा. कवेलूंच्या फटीतून सारवलेल्या भुईवर कवडसा पडतो. फट वेडीवाकडी, कवडसा मात्र गोल. असे का? कारण ते फटीचे चित्र नव्हे, सूर्याचे आहे. खंडग्रास ग्रहणात तोच कवडसा कोरीसारखा होतो. तेव्हा राळेगावात एक खोली पुरती अंधारी करावी, रस्त्याकडील खिडकीला पुठ्ठा लावून मसुराएवढे छिद्र पाडावे. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर भर उन्हातला रस्ता उलटा उमटेल. बैलगाडीची चाके वर आणि बैल पाय आभाळाकडे करून चाललेले. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटे काहीच दिसणार नाही. ती मिनिटे प्रेक्षकाकडून मागूनच घ्यावीत. मग त्यालाच छिद्र मोठे करू द्यावे. चित्र उजळते, पण फिसकटते. भिंग कशासाठी लागले, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

दुसरे काम अंगणात. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली लोहाच्या क्षारांपासून निळे चित्र काढण्याची रीत शोधली. दोन क्षारांचे मिश्रण लावून सुकवलेल्या कागदावर पऱ्हाटीचे पान ठेवावे, काच दाबावी, आणि उन्हात धरावे. आपल्याकडे उन्हाला काय तोटा! काही मिनिटांनी कागद पाण्यात धुतला की निळ्यावर पांढरे पान उरते. त्या मिनिटांत काच हलली तर कड पुसट होते.

आता थोडे अजिंठ्याकडे वळू. मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल यांना १८४४ साली तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यास नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पण गिल यांनी कॅमेराही हाती धरला होता. पश्चिम भारतातील वास्तू आणि प्राणी यांच्या त्यांच्या शंभर जोडचित्रांचे पुस्तक १८६४ साली निघाले. वऱ्हाडातील लोणारची देवळेही त्यांनी टिपली. दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेली ही दोन चित्रे. प्रथम एकच चित्र पाहावयास द्यावे, मग दोन भिंगांतून जोडी दाखवावी. सपाट वाटणारा खांब पुढे येतो आणि त्यामागची ओसरी खोल होते.

इतका खटाटोप कशासाठी? तर शेवटच्या मेजासाठी. त्यावर प्रेक्षकाने घरून आणलेला एक जुना फोटो आणि एक भिंग, एवढेच असावे. उजेड कोठून आला? मागचा बगीचा रंगवलेल्या पडद्याचा काय? आजीची मान ताठ का, आजोबांचा हात खुर्चीवर का? जो नुकताच पानासाठी काच न हलवता बसला आहे, तो त्या ताठ मानेकडे हसून पाहणार नाही. आज खिशातल्या फोनमध्ये हजार फोटो असतात, त्यांतले दुसऱ्यांदा पाहिले जातात थोडे. आणि भिंतीवरचा एकुलता फोटो दिवाळीच्या रंगसफेदीत खाली उतरतो, तो पुन्हा चढत नाही. त्यातल्या माणसांची नावे सांगणारी म्हातारी माणसे अजून काही घरांत आहेत.

मूळ फोटो मात्र संग्रहालयाने ठेवून घेऊ नये. प्रत काढून त्याच दिवशी परत द्यावा. मागे नावे लिहावयाची ती मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई कालांतराने पुढच्या बाजूस फुटते.