खानावळवालीला जामीन कोण?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



महिला मंडळाने मला विषय दिलाय 'महिलांचे आर्थिक सक्षमीकरण'. शब्द एवढा जड आहे की ऐकूनच बायका चहाच्या टेबलाकडे बघायला लागतात! म्हणून मी फक्त एका संस्थेबद्दल बोलणार आहे आणि शेवटी सोसायटीकडे एक मागणी करणार आहे.

आपल्यापैकी बरीच कुटुंबं लालबाग-परळहून इकडे नवी मुंबईत आली. आमचंही तसंच. माझे वडील गिरणीत होते. लग्नाआधी दहा-बारा माणसांच्या खोलीत राहायचे आणि चाळीतल्या एका मावशींकडे जेवायचे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कामगारांना याच खानावळवाल्यांनी जेवू घातलं. पहिल्या पाळीसाठी पहाटे चूल, रात्रपाळीसाठी पुन्हा चूल. जेवण महिनाभर उधार, पैसे पगार झाल्यावर.

पण वाणी काही मावशींना पगारापर्यंत थांबत नसे. मग सावकार! गळ्यातलं मंगळसूत्र, घरातली तांब्या-पितळेची भांडी गहाण. महिनाभर राबून हातात यायचं त्यातलं बरंचसं व्याजात जायचं. आणि एवढं करूनही जनगणनेवाला दारात आला की घरातले सांगायचे, "ती काही करत नाही, घरीच असते."

1975 साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या, पुढे गिरणगावातल्या कामगार चळवळीत आल्या. सुरुवात झाली 14 बायकांपासून. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 2002 मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

आता मी पडले बँकेतली, तेहतीस वर्षं नोकरी केली, म्हणून मला यातली खरी गंमत कळते. बँक दोन गोष्टी विचारते : तारण काय आणि जामीन कोण? खानावळवालीकडे तारण म्हणजे पातेली आणि परात. जामीन राहायला नवरा तयार नसे, किंवा त्याचीच नोकरी कच्ची. हिशेब सगळा डोक्यात, कागदावर काही नाही. नियमाने बघितलं तर अर्ज परतच जायचा.

मंडळाने काय केलं? शेजारणींचाच गट केला आणि त्यांना एकमेकींना जामीन ठेवलं. कोणाकडे किती माणसं जेवतात, कोण वेळेवर पैसे देते, कोणाच्या घरात आजारपण आहे, हे चाळीतल्या बाईइतकं कुठल्या बँक अधिकाऱ्याला कळणार? जी माहिती नुसती नळावरच्या गप्पांत जात होती, तिचीच पत झाली. कर्ज फेडलं नाही तर शेजारणीला तोंड कसं दाखवायचं, हा धाक नोटिशीपेक्षा मोठा!

पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर. जेवणारेच बिनपगारी झाल्यावर खानावळी कशा चालणार? अशा वेळी एकटी बाई मोडून पडते. संघटित बायकांना निदान दुसरी वाट शोधता आली. मंडळाचं काम हळूहळू कर्जापुरतं राहिलं नाही. सामुदायिक स्वयंपाकघर, प्रशिक्षण, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी राहण्याची सोय अशी कामं उभी राहिली. आपल्या वाशीलाही त्यांचं केंद्र झालं.

हे सगळं आज इथे का सांगतेय? कारण खानावळवाल्या संपल्या नाहीत. आपल्या इमारतीत रोज सकाळी पोळ्या करायला, भांडी घासायला, आजी-आजोबांना सांभाळायला किती जणी येतात, वॉचमनचं रजिस्टर बघा. त्यातल्या एकीने मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी वीस हजार उचललेत, शेकडा दहा रुपये महिना व्याजाने. म्हणजे महिन्याला दोन हजार नुसतं व्याज, मुद्दल तिथेच! दोन घरचं काम ती फक्त सावकारासाठी करते.

याच बाईकडे आपण घराची किल्ली देऊन गावाला जातो. बारा-पंधरा वर्षं तिला ओळखतो. मग तिची पत बँकेला कळावी यासाठी आपण काहीच का करत नाही?

बचत गटाची पद्धत आता काही नवीन नाही. दहा ते वीस जणी, दरमहा ठरलेली बचत, गटाच्या नावाने बँकेत खातं, व्यवस्थित वही. सहा महिने नीट चाललं की बँक गटाला कर्ज देण्याचा विचार करते. नाबार्डने 1992 पासून ही जोडणी सुरू केली. महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं 'माविम', हेही 1975 चंच. तेही गटांना मदत करतं.

आमची मागणी साधी आहे. सोसायटीचा हॉल दर मंगळवारी दुपारी दोन तास मिळावा. मागच्या वेळी विषय काढला तेव्हा कोणी म्हणालं, "ही हाऊसिंग सोसायटी आहे, समाजसेवी संस्था नाही." मान्य! सोसायटीचा एक रुपयाही नको. कोणाला जामीनही राहायचं नाही, त्या एकमेकींना राहतील. फक्त बसायला जागा, आणि वही लिहायला, बँकेचे फॉर्म भरायला आपल्यातल्या तीन-चार जणी. मी आहेच. देशपांडे वहिनींनीही हो म्हटलंय, आणि बी विंगच्या दोन सुना म्हणताहेत, दुपारी आम्ही मोकळ्या असतो.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाकी दुरुस्त केली, गेटला कॅमेरे लावले. आलं-गेलं कोण ते आता नीट दिसतं. रोज आत येणाऱ्या बायकांकडे जरा बघूया.

पुढच्या वार्षिक सभेत हा विषय येईल. ज्यांना मंगळवारी वेळ देता येईल त्यांनी ऑफिसात नाव द्यावं. आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनीही सभेला जरूर यावं, बोलून घेऊ.