पडद्यामागचा कापूस

श्रोतेहो, घरात एखादा जुना कॅल्क्युलेटर असेल आणि कुणाकडे पोलरॉइड गॉगल असेल, तर एक गंमत करून पाहा. गॉगलच्या काचेतून कॅल्क्युलेटरकडे बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आकडे स्वच्छ दिसतात. तिथून पाव फेरा पुढे गेलात की सगळी पट्टी काळी पडते. बिघडलेलं काहीच नसतं. दोन्ही वस्तूंमध्ये एकाच जातीची पातळ फिल्म आहे, तिला पोलरायझर म्हणतात. टीव्ही, संगणक, मोबाइल यांच्या पडद्यांतही ती असते. आज तिच्याबद्दल आणि तिला सांभाळणाऱ्या दुसऱ्या एका फिल्मबद्दल बोलायचं आहे. ती दुसरी फिल्म कापसापासून होते.

मी बी. ए. झालेला माणूस, कविता लिहितो. प्रकाशशास्त्र शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण कापूस आमच्या घरातला. आजोबा पिंजारी होते. गावोगाव फिरून गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचे. संध्याकाळी घरी आले की भुवया, मिशा सगळं पांढरं झालेलं असायचं. त्यामुळे टीव्हीच्या पडद्यात कापूस आहे हे वाचलं, तेव्हा तो तिथे काय करतो याचा शोध घ्यावासा वाटला.

आधी प्रकाशाचं पाहू. एक दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून पलीकडे बांधली आहे, असं समजा. हातातलं टोक वर-खाली हलवलं तर लाट गजांमधून पार जाते. आडवं हलवलं तर गजांवर आपटून थांबते. दिव्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी हलत येतो. पोलरायझर त्यातली एकच दिशा पुढे सोडतो. शास्त्रात याला ध्रुवण म्हणतात. दोन पोलरायझर एकमेकांशी काटकोनात ठेवले, की पलीकडे अंधार. एलसीडी पडद्यात मागे दिवा असतो, मग एक पोलरायझर, मग द्रव स्फटिकांचा थर आणि पुढे दुसरा पोलरायझर. विजेच्या इशाऱ्यावर ते स्फटिक प्रकाशाची दिशा वळवतात किंवा तशीच राहू देतात. वळली तर ठिपका उजळतो, नाही तर काळा राहतो. अशा लाखो ठिपक्यांचं चित्र बनतं.

या शोधाची सुरुवात मोठी मजेशीर आहे. १८५२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात विल्यम बर्ड हेरापाथ नावाचे डॉक्टर होते. क्विनाइन खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या लघवीत त्यांच्या शिष्यानं आयोडीन टाकलं आणि त्यात हिरवे, सुईसारखे स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांवर पडले, की काही जागी उजेड, काही जागी काळोख दिसे. पुढे अमेरिकेत एडविन लँड यांनी असे बारीक स्फटिक एका फिल्ममध्ये बसवले आणि १९३८ मध्ये त्याहून सोपी वाट काढली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, या पदार्थाची फिल्म ताणायची आणि तिला आयोडीन पाजायचं. ताणल्यावर तिचे लांबलचक रेणू एका दिशेला येतात आणि आयोडीनही त्याच रांगेत बसतं. आजही पोलरायझर मुख्यतः याच रीतीनं होतो. फिल्म मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणली जाते.

पण ताणलेल्या वस्तूला पुन्हा आखडायची ओढ असते. दमट हवा आणि उष्णता लागली की ही फिल्म आकसते, उभी चिरते, आयोडीन सोडू लागते. म्हणून तिला दोन्ही बाजूंनी आधार लागतो. इथे कापूस येतो.

जिनमध्ये रुई काढून घेतल्यावर सरकीवर आखूड लव उरते. तिला लिंटर म्हणतात. सूत कातायला ती निरुपयोगी, पण तिच्यात सेल्युलोज भरपूर. लाकडाच्या लगद्यातूनही सेल्युलोज मिळतं. ते शुद्ध करून त्यावर ॲसेटिक अनहायड्राइडची क्रिया करतात. हे रसायन म्हणजे सिरक्याला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचं भावंड. यातून ट्रायॲसेटिल सेल्युलोज मिळतं, कारखान्याच्या भाषेत टॅक. डायक्लोरोमिथेन या द्रावकात ते विरघळवून मधासारखा पाक करतात, गाळून घेतात आणि आरशासारख्या गुळगुळीत धातूच्या फिरत्या पट्ट्यावर पसरतात. द्रावक उडून जातं, फिल्म सोलून निघते. द्रावकाची वाफ श्वासात जाणं अपायकारक, म्हणून ती पकडून पुन्हा वापरावी लागते. फिल्मची नेहमीची जाडी ८० मायक्रॉन, म्हणजे साधारण आपल्या केसाएवढी. नंतर ती ६०, ४० अशी पातळ होत गेली. धुळीचा एखादा कण राहिला, तरी पडद्यावर डाग दिसतो.

या फिल्मचं मोठं काम म्हणजे प्रकाशात लुडबुड न करणं. बहुतेक प्लॅस्टिक ताणलं-दाबलं, की प्रकाशाची दिशा बिघडवतं. इथे सेल्युलोजच्या साखळीचा परिणाम आणि तिला जोडलेल्या ॲसेटिल गटांचा परिणाम एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि बाकी जवळजवळ शून्य उरते. शिवाय सुती कपड्यासारखी ही फिल्म ओलावा बाहेर सोडते. पीव्हीएला ती पाण्याच्या गोंदानं चिकटवतात. ते पाणी निघून जायला वाट हवी, ती हिच्यातून मिळते.

ही फिल्म मुळात पडद्यासाठी जन्मली नव्हती. तिचं घराणं सिनेमाचं. पूर्वी चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर असत आणि ती भडकन पेटे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली, तिच्यात जुने नायट्रेटचे चित्रपट गेले. १९४८ मध्ये कोडॅकनं ट्रायॲसिटेटची न भडकणारी फिल्म आणली. तिला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणत. पुढची कित्येक वर्षं सिनेमा आणि फोटो याच फिल्मवर उमटले.

मग डिजिटल कॅमेरा आला. रंगीत फिल्मची जगातली मागणी २००० च्या सुमारास शिखरावर होती, ती दहा वर्षांत दहाव्या हिश्श्याखाली आली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जपानच्या फुजीफिल्मकडे मात्र फिल्म ओतण्याची जुनी कला होती. फोटोचा थर काढून टाकला, की खाली उरते ती हीच साधी पारदर्शक पट्टी. एलसीडीच्या कारखान्यांना तीच हवी होती. २००६ मध्ये क्यूशू बेटावर कुमामोतोजवळ फुजीचा या कामाचा नवा कारखाना सुरू झाला. कोनिका मिनोल्टानं त्याच वर्षी कॅमेरा आणि फोटो-फिल्मचा व्यवसाय सोडत असल्याचं जाहीर केलं, पण टॅकचं उत्पादन चालू ठेवलं. चित्र धरून ठेवण्याचं काम संपलं, तशी ही फिल्म चित्राला वाट करून देऊ लागली. जुने लॅपटॉप बाजूनं पाहिले की रंग उलटेपालटे दिसत. त्यावरचा उपायही १९९० च्या दशकात याच फिल्मनं दिला. तिच्यावर चकतीसारख्या रेणूंचा पातळ थर चढवला गेला.

आता तिच्याही जागेवर इतर येत आहेत. ओलावा सोडणारी फिल्म ओलावा आतही घेते, म्हणून मोठ्या टीव्हींत ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टरच्या फिल्म्स शिरल्या. काल जो गुण होता, तोच आज अडचण ठरला. आमच्या आजोबांच्या पिंजणाचंही तसंच झालं. यंत्र आलं, फोमच्या गाद्या आल्या आणि तातीचा तो आवाज गल्लीतून गेला. त्यांना कुमामोतोसारखी दुसरी वाट सापडली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. उष्ण, दमट हवेत ट्रायॲसिटेट हळूहळू ॲसेटिक आम्ल सोडू लागतं. आम्लामुळे ऱ्हास आणखी वाढतो. फिल्म आकसते, ठिसूळ होते आणि तिला सिरक्याचा वास येतो. कोडॅककडे याची पहिली तक्रार गेली ती १९५० च्या दशकात भारत सरकारकडून. आपल्या हवेनं जगाला हा आजार आधी दाखवला. जुन्या लॅपटॉपच्या पोलरायझरलाही तो होतो.

म्हणून एक विनंती. घरात कपाटाच्या तळाशी आई-वडिलांच्या लग्नाच्या, आजोबांच्या एखाद्या फोटोच्या निगेटिव्ह असतील. तो डबा उघडून वास घ्या. आंबट वास आला, तर त्या बाकीच्यांपासून वेगळ्या काढा, कारण ती वाफ शेजारच्यांनाही लागते. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि लवकरात लवकर त्यांची डिजिटल प्रत करून घ्या. मग ती माणसं निवांतपणे पडद्यावर पाहा. त्या पडद्यातही सरकीवरची लव असण्याचा बराच संभव आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)