बुरशीचे विष आणि हळदीचा गुण

भुईमुगाची काढणी झाली की चांगला माल बाजारात जातो आणि पावसात भिजलेले, बुरशी चढलेले दाणे घरात उरतात. "टाकायचे कशाला? भाजून कूट करू, वर थोडी जास्त हळद घालू," असे आपण सहज म्हणतो. ही समजूत कितपत खरी, ते आज पाहू.

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. दोष निघाला त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने तीत विष सोडले होते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. पुढे १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या शेजारच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. गरिबांना दुसरे धान्य नव्हते. त्यांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली.

हे विष यकृतात गेले की तिथे त्याचे अधिक जहाल रूप बनते. ते पेशीच्या गाभ्यातील जनुकद्रव्याला चिकटते. शिवाय पेशीत दाहक कण वाढतात आणि तिचे आवरण जळू लागते. हे कण शमवणारी द्रव्ये वनस्पतींत असतात. हळदीतले पिवळे कर्क्युमिन हे त्यांपैकीच एक. बदकांची पिले आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांत त्याने यकृताची हानी कमी झालेली दिसली. म्हणजे हळदीत गुण आहे, यात शंका नाही.

पण प्रयोगातली मात्रा वेगळी आणि आमटीतली चिमूट वेगळी. हळदीने नासका दाणा निर्विष होत नाही. भाजण्याने किंवा उकळण्यानेही हे विष पुरते जात नाही.

तेव्हा खरा उपाय खळ्यावरच करायचा. शेंगा कडक उन्हात वाळवा. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे वेचून टाका. ते गुरांनाही घालू नका, कारण पेंडीतले विष दुधात उतरते.

शिक्षकबंधूंनी वर्गात मूठभर दाणे मांडून मुलांना ही निवड शिकवावी. मुले ती घरी सांगतील. हळद आमटीत जरूर घाला, पण दाणे आधी निवडून घ्या.